वेळेवर मरणारी म्हातारी माणसं

आमच्या सोसायटीच्या वाचनगटानं या महिन्यात सगळ्यांकडून मनोगत मागवलंय. विषय आहे अलीकडच्या मराठी कादंबऱ्यांतलं प्रेम आणि कुटुंब. सोबत एका कादंबरीची शिफारसही आहे. मुलानं अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा केली, त्याची ती कहाणी. 'रुमाल जवळ ठेवा' असं लिहून खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लावलीय. ती कादंबरी मी वाचलेली आहे आणि ती जिच्या जिवावर लिहिली गेली ती बाईही मला माहीत आहे. तेव्हा मनोगत मी देणार, पण ते त्या बाईबद्दल असेल. गटाला आवडलं नाही तर गटानं रुमाल जवळ ठेवावा.

चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला नोकरी लागली तेव्हा मी पिंपळे गुरवला खोली शोधत होते. अर्ध्या गुंठ्यावर उभं केलेलं एक घर सापडलं. खाली दोन खोल्या, वर एक, आणि वरचा जिना बाहेरून. दारावर 'फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी. मी दारात पोचते न पोचते तोच आतून एक जाडजूड पुस्तक भिरभिरत आलं आणि माझ्या चपलेवर पडलं. मागोमाग आवाज आला, "लागलं नाही ना गं? तुला नव्हतं मारलं. त्या बयेला मारलं. उचल जरा, लायब्ररीचं आहे."

ती बया म्हणजे कादंबरीची नायिका. नवऱ्याशी पटेना म्हणून बॅग भरून डोंगरात गेली होती आणि तिथं तिला व्हरांड्याचं घर लगेच मिळालं होतं. "एकट्या बाईला," दाराशी आलेली मालकीण मला म्हणाली, "व्हरांड्याचं घर. कुणी विचारलं नाही की नवरा कुठाय, येणार-जाणार कोण, रात्री किती वाजता येणार. मी स्वतः खोली भाड्यानं देते, मला माहितीय काय काय विचारतात ते." आणि एवढं बोलून तिनं मला यातलं काहीही न विचारता वरच्या खोलीची किल्ली हातात ठेवली.

अख्खी गल्ली त्यांना ताई म्हणायची, मीही म्हणू लागले. त्या मला 'वरची' म्हणायच्या. माझं नाव त्यांना पाठ होतं, पण भाडेकरू बदलतात नि खोली तीच राहते, तर खोलीलाच नाव दिलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. चाळिशी ओलांडलेली, सडपातळ, रंग अलीकडे फिकुटलेला. लग्न झालेलं होतं. नवऱ्याबद्दल एकदाच बोलल्या, "वाईट नव्हता. घरात नसायचा. मग नसायची सवय लागली त्याला." त्यानंतर वडील गेले, आई पडली आणि ताई या घरात राहिल्या त्या राहिल्याच.

शिलाई मशीनच्या फळीवर कात्रीखाली दाबून ठेवलेली कादंबरी आणि ओठांत टाचणी, अशा थाटात त्या वाचायच्या. कथा नको, आत्मचरित्र नको, जुनं काही नको. नवी कादंबरी हवी आणि तीही घरातल्या माणसांची. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं ऋणनिर्देशाचं पान उघडायचं. "कुणी कुणाला चहा करून दिला ते इथं कळतं," असं त्या म्हणायच्या. मग पहिल्या पानापासून सुरुवात आणि दहाव्या पानापासून भांडण. टाचणी ओठांत धरूनच भांडत, त्यामुळं शब्द दातांतून गाळून आल्यासारखे यायचे. साडीला फॉल लावायला आलेल्या बाया आपला फॉल विसरून ऐकत बसायच्या.

दर गुरुवारी चिंचवडच्या लायब्ररीत पुस्तक बदलायला जायच्या. तिथला माणूस नवीन होता तेव्हा त्यानं एकदा सहज विचारलं होतं, "कशी वाटली?" त्यानंतर त्यानं कुणालाच ते विचारलं नाही म्हणे. त्या कादंबरीत नवरा-बायको एकमेकांपासून तुटत चालले होते. पान उलटावं तेव्हा दोघांपैकी एक कुणीतरी कॉफीचा मग घेऊन खिडकीतून बाहेर बघत असायचं. "चार माणसांचं घर आहे," ताईंनी काउंटरवर पुस्तक आपटून सांगितलं, "दोनशे पानांत एकानंही भांडं घासलेलं नाही. त्या मगांचं काय झालं पुढं? खिडकीतून टाकले?"

मी हसायचे तेव्हा. पण त्यांचं ऐकून ऐकून माझंही वाचणं बिघडलं, म्हणजे सुधारलं. आमच्या गल्लीत एक जोडपं होतं. तो रात्रपाळीहून उतरायचा तेव्हा ती फर्स्ट शिफ्टच्या बसला निघालेली असायची. दोघांची गाठ गल्लीच्या तोंडाशी, किल्ली देण्याघेण्यापुरती. रविवार सोडला तर संसार तेवढाच. एकदा त्यानं किल्ली घेता घेता तिच्या हातात गजरा कोंबला आणि इकडंतिकडं बघत घाईनं चालू लागला. ताईंनी मशीन थांबवलं. "बघितलंस? यांना तुटायला तरी वेळ आहे का? हे एकानंही लिहिलेलं नाही." त्या दिवशी दुपारपर्यंत त्या खुशीत होत्या.

मी एकदा विचारलं, "एवढा संताप होतो तर वाचता कशाला?"

"कुणीतरी नीट लिहिलं असेल, या आशेनं," त्या म्हणाल्या. "एखादीत तरी सापडेल की नाही आपल्यातलं कुणी?"

त्यांचा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता. "कादंबरीतली म्हातारी माणसं फार समजूतदार बघ," त्या म्हणायच्या. "वेळेवर मरतात." एका कादंबरीत जन्मभर न बोललेला बाप दवाखान्यात पडतो, मुलगा परदेशातून येतो, बाप त्याचा हात दाबतो आणि खलास. "एकाच प्रकरणात आयसीयू, माफी आणि दहावा. पाठीला जखम व्हायच्या आत सुटला बिचारा. डायपर बदलायची पाळी कुणावर आली नाही. अशी माणसं कुठं मिळतात मला सांग, आपणही एक आणू."

हे सगळं त्या आईच्या देखतच बोलायच्या. आजी मागच्या खोलीत दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर असायच्या. न्हाणीत पडून खुबा मोडला, त्यातून उठतात तोवर डावी बाजू गेली. जीभ आणि डोकं मात्र शाबूत. ताई त्यांना दुपारी कादंबऱ्या वाचून दाखवायच्या आणि आजींना त्यातले प्रेमाचे प्रसंगच तेवढे आवडायचे.

"ते पोरगं गेलं का न्हाई तिच्याकडं?"

"गेलं."

"मंग ते सांग की. मगाधरनं डोंगर कशाला वाचाय लागलीस?"

दर दोन-अडीच तासांनी त्यांना कुशीवर वळवायला लागायचं. आजी अंगानं चांगल्या भरलेल्या, आणि ताई अशा. वळवून झालं की ताई भिंतीला टेकून, पोटाशी हात धरून उभ्या राहायच्या. त्यांच्या गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या. अंगावरून इतकं जायचं की एकदा जिन्याखाली चक्कर येऊन पडल्या आणि मीच त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पिशवी काढायची, लांबवायचं नाही, आणि नंतर महिना-दीड महिना वजन अजिबात उचलायचं नाही. म्हणजे तेवढे दिवस आजींना कुणीतरी सांभाळायला हवं. आणि ते कुणीतरी होतं. रावेतला, एक्स्प्रेस-वेच्या बाजूला, अकराव्या मजल्यावर.

ताईंचा धाकटा भाऊ. आजी त्याला 'धाकला' म्हणायच्या, ताई 'आमचे लेखक'. चांगल्या नोकरीत, आवाज मऊ, कुर्ता इस्त्रीचा. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. येताना फळं आणायचा, जी आजींना चावता येत नसत. खाटेशेजारच्या खुर्चीत बसून आईच्या हाताचे फोटो काढायचा. सुरकुत्यांवर खिडकीतला उजेड कसा पडतो ते बघायचा. एकदा ताई आजींना वळवायला आल्या तर म्हणाला, "ताई, एक मिनिट थांब, उजेड सुंदर आहे." ताई थांबल्या. मी असते तर खुर्चीसकट त्याला उजेडात नेऊन ठेवला असता.

ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पुढं गेली. पहिल्यांदा भाऊ म्हणाला, "आत्ता नको गं, मी फार नाजूक टप्प्यावर आहे." ताई घाबरल्या, त्यांना वाटलं त्याच्याच तब्येतीला काही झालं. टप्पा कादंबरीचा होता. दुसऱ्यांदा म्हणाला की शेवटचा खर्डा चालू आहे, घरात शांतता लागते. आईची सेवा कशी केली हे लिहायचं असल्यामुळं त्याला आईला घरी नेता येत नव्हतं. हे वाक्य मी पुष्कळदा मनात म्हणून बघितलंय आणि दरवेळी माझं डोकं तितकंच तापतं.

कादंबरी आली ती एका रविवारी. त्या दिवशी सकाळी भावानं कादंबरीतला एक उतारा सगळीकडं टाकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर, गाववाल्यांच्या ग्रुपवर, फेसबुकवर. "आई गेली. पहाटेच. माझ्या मांडीवर डोकं होतं. मी तिचे केस विंचरत होतो, विंचरतच राहिलो." सोबत आजींचा फोटो. कादंबरीचं नाव अगदी तळाशी, 'आणखी वाचा' दाबल्यावर दिसेल असं. आता आपल्याकडं ग्रुपवर आईचा फोटो आणि 'आई गेली' दिसल्यावर 'आणखी वाचा' कोण दाबतो? पाच मिनिटांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची माळ लागली. मग फोन सुरू झाले. आणि भाऊ प्रकाशन समारंभात, फोन बंद करून.

पहिल्या आल्या त्या कोपऱ्यावरच्या मामी. जुन्या गावकीतल्या, मोठ्या मनाच्या बाई. आमच्या बाजूला मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी करून आणतात, कडू घास म्हणतात त्याला. मामी ती टोपली पदराखाली घेऊन न बोलता आत आल्या आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर थबकल्या. आजी खाटेवर बसत्या केलेल्या होत्या.

"काय आनलंय गं?" आजींनी विचारलं.

मामी टोपलीकडं बघून म्हणाल्या, "पिठलं हाय."

"मंग उबी का? दे की."

आजींनी स्वतःचा कडू घास चवीनं खाल्ला. मिरची जरा कमी पडली म्हणाल्या. तोवर दारात चपलांचा ढीग झाला होता. पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या बाया आजींना बघून आधी दचकायच्या, मग हसायच्या, आणि मग प्रत्येकीचं एकच वाक्य, "खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं बघा." ताईंना म्हणायच्या, "आता काही काळजी नाही, शंभरी गाठतात." ताई मान डोलवायच्या. मी त्यांच्याकडं बघत होते. आईनं जगू नये असं त्यांच्या मनात कधी आलं नसेल, पण त्या वाढीव आयुष्याला कुशीवर कोण वळवणार, हे त्या एवढ्या गर्दीतल्या एकीलाही सुचलं नाही.

दुपारी चौकात फ्लेक्स लागला. आमच्या वॉर्डातल्या एका भावी नगरसेवकानं लावलेला. कोपऱ्यात आजींचा तोच फोटो आणि मधोमध हात जोडलेला तो स्वतः, आजींच्या चौपट. मामींनी जाऊन त्याला झापलं तर म्हणाला, "मावशी, आता छापलाय तर राहू द्या की दोन दिवस." आजींना फ्लेक्स बघायचा होता, म्हणून मी फोटो काढून आणून दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. "माझ्या शेजारी ह्यो कोन गडी?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी भाऊ आला. गळ्यात समारंभातली शाल तशीच. मला वाटलं, माफी मागेल, निदान ओशाळेल तरी. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, बघितलंस? लोकांना खरं वाटलं. ही शब्दांची ताकद आहे गं." मग पिशवीतून कादंबरीची प्रत काढली, 'ताईस सप्रेम' लिहिलं आणि तिच्या हातात दिली. ताईंनी सवयीनं ऋणनिर्देशाचं पान उघडलं. त्यात प्रकाशक होते, मुखपृष्ठकार होता, सगळे रविवार सोडून देणारी बायको होती, लिहिताना पायाशी बसणारी मांजर होती. ताईंनी पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मशीनवर कात्रीखाली ठेवलं. म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख मिळालीय. पुढच्या मंगळवारी." भाऊ म्हणाला, "अगं, आत्ता? आत्ता तर सगळं सुरू होतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी ती कादंबरी आईला वाचून दाखवली. मला सुट्टी होती, मी जिन्यात बसून ऐकत होते. आळ घ्यायचा नाही म्हणून सांगते, लिहिलंय सुंदर. आईचं अंग पुसणं, नखं कापणं, तिनं लहान मुलासारखं तोंड फिरवणं, जखमेवरची पट्टी बदलताना गाणं म्हणणं. सगळं खरं. गाणंसुद्धा ताईंचंच. त्यानं खुर्चीत बसून सगळं नीट पाहिलं होतं, आणि मग पाहिलेल्या सगळ्याला 'मी' लावून टाकला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. वाचताना ताईंचा आवाज सपाट होता. ओठांत टाचणी नव्हती, तरी एकदाही भांडल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

आजी मध्येच म्हणाल्या, "आन् तू कुठं हायस ह्यात?"

"मी नाही यात."

"मेलीस का काय?"

"नाही आई. मी जन्मलेच नाही. एकुलता एक मुलगा आहे तुला."

"मंग माझं कोन करतंय समदं?"

"धाकला करतो."

आजींनी अगदी मनापासून विचारलं, "त्याला जमतंय व्हय?"

ताईंनी पुस्तक मिटलं. उठल्या, आजींना वळवलं, भिंतीला टेकून पोट धरलं आणि मला हाक मारली, "वरची, खाली ये." मी गेले तर चेहरा एकदम शांत. "त्याच्या सोसायटीत येत्या रविवारी सत्कार आहे त्याचा. मातृसेवा करणाऱ्या लेखकाचा. मलाही बोलावलंय. आपण जाऊ. गल्लीतल्या गणपती मंडळाची रुग्णवाहिका सांगून ठेव."

मी जन्मात इतक्या आनंदानं कुठलं काम केलेलं नाही.

रावेतच्या त्या क्लबहाउसमध्ये एसी होता, समई होती, मागं कादंबरीच्या मुखपृष्ठाचा पडदा होता. भाऊ बोलत होता. आईची सेवा म्हणजे एक दीर्घ कविता आहे, असं काहीतरी चाललं होतं आणि पहिल्या रांगेतल्या बाया डोळे टिपत होत्या. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि स्ट्रेचर आत आलं. एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला मी, पुढं ताई, नेहमीच्याच साडीत, खांद्याला पिशवी. आजींना मात्र त्यांनी इरकल नेसवलं होतं, वेणी घातली होती.

ताई पुढं गेल्या आणि माइकशिवायच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "ही आमची आई. ही कादंबरीत गेलीय, पण आहे. मी यांची बहीण. मी कादंबरीत नाही, पण मीही आहे. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे, म्हणून महिनाभर आई यांच्याकडं राहील. काय काय करायचं ते सांगत बसत नाही. यांनी सगळं लिहिलंय आणि तुम्ही सगळ्यांनी वाचलंय."

मला वाटलं, आता याचं पितळ उघडं पडलं. पण मी माणसांना ओळखत नव्हते. आधी एक बाई उठली, मग दोन, मग सगळं क्लबहाउस उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. कादंबरीतली आई प्रत्यक्ष बघायला मिळाली म्हणून लोक हुंदके देत होते. बहीण कोण, ऑपरेशन कसलं, हे कुणाच्या कानात शिरलंच नाही. बाया आजींचे हात हातात घेत होत्या. आणि भाऊ, त्याची तर कमाल, व्यासपीठावरून उतरला, स्ट्रेचरपाशी गुडघ्यावर बसला आणि आईच्या पायावर डोकं ठेवलं. फोटो फार छान आले. त्याच्या बायकोच्या तोंडावरचा रंग तेवढा उडाला होता. तिचा यात काही दोष नव्हता. कादंबरीतही तिला चहा करण्यापुरतंच ठेवलंय.

तरी काम झालं होतं. एवढ्या लोकांसमोर त्याला नाही म्हणता येईना. पिशवीतली औषधं, पावडर, रबरी चादर सगळं ताईंनी भावजयीच्या हातात दिलं आणि परत येताना रुग्णवाहिकेत ड्रायव्हरशेजारी बसून झोपी गेल्या. सोमवारी दुपारी मी त्यांना पिंपरीला नेऊन ॲडमिट केलं.

सोमवारी संध्याकाळी मी कपडे घ्यायला घरी आले तर दाराशी रुग्णवाहिका उभी. वेगळी, कुठल्यातरी खासगी दवाखान्याची. दोन माणसांनी आजींना खाटेवर ठेवलं, माझी सही घेतली आणि गेले. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आईला इथं करमत नाही. सारखी ताईला हाक मारते. लेखक म्हणून मला एक कळतं, माणसाला त्याच्या जागेवरून उपटू नये." एक रात्र. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आहे हे त्याला माहीत होतं. मी त्याला जे बोलले ते वाचनगटाच्या मनोगतात बसणार नाही. आईबहिणीवरून नक्कीच बोलले नाही, कारण त्या दोघींचं आधीच पुरेसं झालं होतं.

मामी धावत आल्या. मी म्हणाले, "ताईंना कळलं तर त्या टेबलावरून उठून येतील."

"मंग सांगू नगंस," मामी म्हणाल्या. "कापाकापी हुंद्या तिची. आमी हाय न्हवं? गल्ली मेली न्हाई अजून." आणि पदर खोचून त्यांनी आजींना वळवलं. मामींना ते पहिल्यांदा जमलं नाही, आजी त्यांना ओरडल्या, दुसऱ्यांदा जमलं.

मी रजा टाकली. मामी, त्यांची सून आणि किल्लीवाल्या जोडप्यातली ती, अशा आम्ही पाळ्या लावल्या. दवाखान्यात ताई विचारायच्या, "रावेतची काय खबर?" मी म्हणायचे, "मजेत आहेत आजी." त्यांना ते खरं वाटायचं, आणि त्याच्याइतका संताप मला दुसऱ्या कशाचा आला नाही. एकदा गुंगीत म्हणाल्या, "शेवटी पोटचाच आहे गं. करतोय ना." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

डिस्चार्जच्या दिवशी रिक्षातून उतरून त्या दाराची चौकट धरून हळूहळू आत आल्या आणि आतल्या खोलीत आजी दिसल्या. ताई बघतच राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या. मी खाली बघितलं. त्यांना सगळं कळलं. त्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्या.

"करमलं नाही तिकडं?" त्यांनी आईला विचारलं.

"न्हाई कसं? लई मानसं आली हुती मला बघाय," आजी म्हणाल्या. "चांगल्या घरची. समदी रडली बघ माझ्यापाशी बसून. मी पानी मागितलं तर एकमेकीला म्हनली, बगा, अगदी पुस्तकातल्यावानी बोलत्यात."

"आणि पाणी?"

"पानी कुनी दिलं न्हाई."

ताई हसायला लागल्या. टाक्यांवर दोन्ही हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आजींनाही हसू आलं, मामींनाही. मी तांब्या भरून आणला, आजींच्या मानेखाली हात घालून त्यांना पाजलं. मला काही हसू आलं नाही. आजही येत नाही.